काउंटला पाठवण्याआधी बाउंड्रीबद्दल एवढं वाचा

नमस्कार. आमच्याकडून फंक्शन पॉइंट (सॉफ्टवेअर यूजरला किती काम करून देतं त्याचं माप) मोजून घेणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, नवीन असा की जुने. ईआय (बाहेरून आत येणारी माहिती), ईओ (हिशोब करून बाहेर जाणारी माहिती), ईक्यू (आहे तशी काढून दाखवलेली माहिती), आयएलएफ (ॲप्लिकेशन स्वतः सांभाळतं ती फाइल), ईआयएफ (दुसरीकडं सांभाळलेली, आपण फक्त वाचतो ती फाइल) हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चाललोय, यापेक्षा जास्त सांगत बसत नाही. बोलायचंय फक्त ॲप्लिकेशन बाउंड्रीबद्दल, म्हणजे मोजायचं सॉफ्टवेअर कुठं संपतं आणि बाहेरचं कुठं सुरू होतं त्या रेघेबद्दल, कारण काउंट (मोजणी) लांबला की बहुतेक वेळा गाडी तिथंच अडलेली असते, आणि फोनवर प्रश्नही ठरलेला असतो, "अहो डायग्राम पाठवलाय ना, मग परत मीटिंग कशाला?"

तर मीटिंग लागते ती त्या डायग्राममुळंच. तुमच्याकडून जे येतं ते आर्किटेक्चरचं चित्र असतं. एक वेब सर्व्हर, मध्ये एपीआय, चार मायक्रोसर्व्हिसेस, बाजूला रिपोर्टिंगचा डेटाबेस, आणि प्रत्येक चौकोनाभोवती तुटक रेघ मारून ॲप १, ॲप २, ॲप ३ असं लिहिलेलं. चित्र चांगलं असतं, डेव्हलपरच्या कामाचं असतं, पण त्यावरून बाउंड्री ठरत नाही. इफपगचं (फंक्शन पॉइंट वापरणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं) मॅन्युअल या बाबतीत अगदी सरळ आहे, बाउंड्री यूजरच्या नजरेतून ठरवायची, टेक्निकल गोष्टींवरून नाही, आणि दोन ॲप्लिकेशनमधली रेघ यूजरला कामाची क्षेत्रं कुठं वेगळी दिसतात त्यावर मारायची. सर्व्हर किती, डेटाबेस कुठला, कोड किती रिपॉझिटरीत आहे, टीम पुण्यात बसते की नाशिकला, यातलं काहीच चालत नाही. आयबीएममध्ये ॲलन आल्ब्रेख्ट यांनी १९७९ साली ही पद्धत मांडली तीच मुळात सॉफ्टवेअर कशात लिहिलंय यावर माप अवलंबून राहू नये म्हणून. शेतात विहिरी किती आणि पाइपलाइन किती यावरून सातबारा वेगळा होत नाही, तसंच हे.

आता एक उदाहरण घेऊ, पतसंस्थेचं, कारण आमच्याकडं येणाऱ्या बऱ्याच जणांना ते लगेच पटतं. समजा सभासद, ठेव आणि कर्ज असे तीन भाग आहेत, तीन सर्व्हिसेस म्हणून बांधलेत, तीन पोरांनी लिहिलेत. सभासदाच्या फाइलमध्ये २२ डीईटी (यूजरला ओळखू येणारे वेगवेगळे रकाने) आणि २ आरईटी (त्या रकान्यांचे गट) आहेत. सगळं मिळून एकच ॲप्लिकेशन धरलं तर ही फाइल एक आयएलएफ, गुंतागुंत लो-ॲव्हरेज-हाय यातली ॲव्हरेज, १० पॉइंट, विषय संपला. पण तुम्ही तीन बाउंड्र्या काढल्या की सभासद ॲपमध्ये ते १० राहतातच, वर ठेव आणि कर्ज दोघंही तीच फाइल बाहेरून वाचतात म्हणून दोन ईआयएफ तयार होतात. त्यांना नाव, नंबर, पत्ता एवढंच लागतं, त्यामुळं दोन्ही लो, ५ आणि ५. एकाच फाइलचे झाले २०. आता बचत खात्यातून कर्जाचा हप्ता वळता करायचा व्यवहार बघा, सात-आठ डीईटी धरा. एकत्र धरलं तर हा एक ईआय, तीन फाइलींना हात लागतो म्हणून हाय, ६ पॉइंट. तोडलं तर ठेवीकडं एक ईआय आणि कर्जाकडं एक ईआय, दोन्ही ॲव्हरेज, ४ आणि ४ म्हणजे ८. हा झाला एक व्यवहार, असे पतसंस्थेत किती असतात ते तुम्हीच बघा.

इथं काही जण हळूच म्हणतात, वाढले तर वाढले, आपल्याला बरंच की. बरं नाही. एकतर समोरच्या पार्टीनं दुसऱ्या मोजणाऱ्याकडून तपासून घेतलं तर पहिला प्रश्न याच रेघेवर येतो. आणि दुसरं म्हणजे तो तोडलेला व्यवहार नियमातच बसत नाही. एलिमेंटरी प्रोसेस (एक व्यवहार म्हणून मोजायचं सगळ्यात लहान काम) यूजरला अर्थ असलेली, स्वतःत पूर्ण पाहिजे आणि झाल्यावर धंद्याचा हिशोब सुसंगत राहिला पाहिजे. बचत खात्यातून पैसे गेले पण कर्जाला जमा झाले नाहीत अशा अवस्थेत शाखेतला क्लार्क काम झालं म्हणून उठेल का? त्याचं डे बुक जुळणारच नाही. म्हणजे रेघ व्यवहाराच्या मधून गेलीय, आणि अशी रेघ दिसली की आम्ही काउंट थांबवतो आणि तुम्हाला फोन करतो, तुम्ही वैतागलात तरी.

उलटी चूकही होते. कर्मचाऱ्यांच्या पगाराचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीकडून घेतलेलं असतं, त्याचा डेटा तिथंच सांभाळला जातो, तुमची सिस्टीम फक्त कर्मचारी कर्जासाठी तो वाचते, आणि तुम्ही मात्र "सगळं एकच आहे हो" म्हणून आत ओढता. मग जे ईआयएफ म्हणून लो ५ व्हायला पाहिजे ते आयएलएफ म्हणून ७ होतं आणि जे फंक्शन तुम्ही लिहिलंच नाही तेही तुमच्या नावावर चढतं. बिल करताना हे निघालं की फार अवघड होतं.

खरी गंमत पिग्मीची. एजंट बाजारात फिरून रोजची रक्कम गोळा करतो, ते बाउंड्रीच्या आत की बाहेर? याला एक उत्तर नाही आणि म्हणूनच आम्ही विचारतो. मशीन आणि त्यातलं सॉफ्टवेअर संस्थेनं वेगळं घेतलंय, दुसऱ्या व्हेंडरचं आहे, एजंटच्या पावत्या त्यातच राहतात, संध्याकाळी शाखेत येऊन फाइल चढवली जाते आणि शाखेतली माणसंही त्याला "मशीनवालं" म्हणून वेगळंच समजतात, तर ते बाहेर, आणि फाइल चढवणं हा तुमच्या ॲप्लिकेशनचा ईआय. यूजर म्हणजे फक्त माणूस नाही हे लक्षात असू द्या, दुसरं ॲप्लिकेशनही यूजर असतं. पण तुम्हीच मोबाइल ॲप बनवलंय आणि एजंटनं रक्कम टाकली की ती थेट पिग्मी खात्याला जाते, तर ते आतच, फोनवर चालतं म्हणून वेगळं ॲप्लिकेशन होत नाही. रेंज नव्हती म्हणून डेटा तासभर फोनमध्येच पडून राहिला तरीसुद्धा नाही, कारण एजंटच्या दृष्टीनं ते एकच काम आहे. दोन्ही पतसंस्थांमध्ये स्क्रीन सारखाच दिसेल, काउंट वेगळा येईल. सभासदांना जाणाऱ्या एसएमएसचंही विचारतात. गेटवे तुमचा नाही, तो बाहेर, मेसेज बाहेर जातो तो तुमचा, तो एकदा मोजायचा.

आणि कृपा करून "मास्टर्स" नावाचं वेगळं ॲप्लिकेशन काढू नका. तालुक्याचा कोड आणि तालुक्याचं नाव एवढंच असलेली यादी कोड डेटा असते, ती आयएलएफ म्हणूनही धरत नाहीत, तिला स्वतःची बाउंड्री कुठून येणार.

स्कोप आणि बाउंड्री यांचीही सरमिसळ होते, पण ते सोपं आहे. या वेळी काय मोजायचं तो स्कोप, तो दर प्रोजेक्टला बदलतो. एनहान्समेंटमध्ये (आधीच्या सॉफ्टवेअरच्या सुधारणेत) फक्त कर्जाचे दोन रिपोर्ट बदलले म्हणून कर्ज हे वेगळं ॲप्लिकेशन होत नाही, आधी ठरलेली बाउंड्री तशीच राहते. ती मधेच हलवली तर जुना बेसलाइन काउंट आणि नवीन काउंट यांचा मेळ बसत नाही, मग मागचं सगळं उकरावं लागतं आणि तो खर्च तुमचाच. एका प्रोजेक्टमध्ये दोन ॲप्लिकेशनना हात लागला तर दोन्हींचं वेगवेगळं मोजून मग बेरीज करायची, मधली रेघ पुसायची नाही.

आमच्या मीटिंगमध्ये आम्ही काय विचारतो तेही सांगून ठेवतो म्हणजे तयारीनं याल. हा भाग उद्या बंद करून दुसऱ्या कंपनीचा घेतला तर बाकीचं काम चालेल का, यातला डेटा कोण भरतं आणि कोण दुरुस्त करतं, तक्रार आली की संस्थेतला कोण उत्तर देतो, विकताना तुम्ही हे वेगळं विकता का. हे प्रश्न मॅन्युअलमधले शब्द नाहीत, आमच्या कामातून आलेत, पण यांच्या उत्तरांवरून रेघ आपोआप दिसायला लागते. त्यासाठी डेव्हलपरइतकाच शाखेत रोज काम करणारा माणूस लागतो, तासभर फोनवर मिळाला तरी चालतो. काही ठिकाणी फक्त टेक लीड येतो आणि यूजरच्या वतीनं तोच बोलतो, तेव्हा मीटिंग परत घ्यावी लागते.

आम्ही बाउंड्रीचा कागद सहीसकट मागतो याचा काहींना राग येतो, विश्वास नाही का म्हणतात. विश्वास आहे, पण काउंट आज होतो आणि वाद वर्षभरानं होतो, तोपर्यंत तुमच्याकडचा माणूस बदललेला असतो. कागद एका पानाचा असतो, आत काय, बाहेर काय, आणि ज्या एक-दोन गोष्टींवर चर्चा झाली तिथं का तसं ठरवलं. आमचे दर इतरांपेक्षा थोडे जास्त वाटतात त्यात हे पानही आलं. ज्यांचं चेंज रिक्वेस्टचं (नंतर मागितलेल्या बदलांचं) बिल फंक्शन पॉइंटवर ठरतं त्यांना हे पान किती कामाचं असतं ते त्यांनाच विचारा.

फक्त बाउंड्रीची मीटिंग हवी असेल तर तीही वेगळी करून देतो, अर्धा दिवस लागतो, पुढं काउंट आमच्याकडूनच घेतला तर त्याची फी काउंटच्या बिलातून वजा होते. काउंट दुसरीकडून घ्यायचा असेल तरी पान तुमचंच. येताना स्क्रीनची किंवा मेन्यूची यादी, बाहेरच्या कुठल्या सिस्टीमला डेटा जातो-येतो त्याची यादी, आणि आधी कुणी काउंट केला असेल तर तो आणा. जुन्या काउंटमध्ये बाउंड्री लिहिलेलीच नसेल तर ते फोनवरच आधी सांगा, कारण तेव्हा अर्धा दिवस पुरत नाही.