तो नेहमी गोलकीपरच का होतो?

दम्याच्या तपासणीला आलेल्या दहा वर्षांच्या मुलाला डॉक्टर विचारतात, "काय, कसं वाटतंय?" मुलगा आईकडे बघतो. आई म्हणते, "बरं आहे आता. खोकला कमी झालाय, रात्री झोपतोही नीट." मुलगा मान डोलावतो. त्याला नळीत जोरात फुंकर मारायला सांगतात, आकडा ठीक येतो. औषध तेच, तीन महिन्यांनी परत या.

आता त्याच मुलाला मैदानावर बघा. फुटबॉलच्या प्रत्येक डावात तो गोलकीपर. कुणी त्याला तिथे उभं केलेलं नाही, तोच आधी हात वर करतो. गोलकीपरला पळावं लागत नाही ना! पळणंच सोडलं म्हणून धाप लागत नाही, धाप लागत नाही म्हणून खोकल्याची उबळ येत नाही, आणि उबळ येत नाही म्हणून घरात सगळ्यांना वाटतं की दमा आटोक्यात आहे. हा मुलगा मी उदाहरणासाठी उभा केलाय, पण दम्याची मुलं रोज तपासणाऱ्यांना तो ओळखीचा वाटेल.

फुंकरीची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, खोटं बोलत नाही. पहिल्या सेकंदात फुप्फुसांतून किती हवा बाहेर पडते, हे ती नेमकं सांगते. पण सांगते ते त्या क्षणापुरतं. दम्यात श्वासनळ्या सतत सारख्याच आकसलेल्या नसतात. त्रास बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे उफाळतो, पळून आल्यावर काही मिनिटांनी वाढतो, आणि सकाळी अकरा वाजता दवाखान्यात बसलेल्या मुलाची छाती अगदी मोकळी असू शकते. म्हणूनच फुप्फुसांचे आकडे आणि मुलाचं रोजचं जगणं यांचा मेळ बऱ्याचदा फारसा बसत नाही. एखाद्याचा आकडा उत्तम आणि आठवडा वाईट, तर दुसऱ्याचं नेमकं उलटं.

मग जगणं मोजायचं कसं? कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दमा असलेल्या मुलांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. 7 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी 23 प्रश्न, आणि सगळे गेल्या आठवड्याबद्दल. त्यातले 10 प्रश्न लक्षणांचे, 5 हालचालींवर येणाऱ्या मर्यादांचे आणि 8 मनाचे. चिडचिड झाली का, भीती वाटली का, इतरांच्या बरोबरीने जमत नाही म्हणून वैताग आला का, आपण वेगळे पडलोय असं वाटलं का. प्रत्येक उत्तराला 1 ते 7 गुण. 7 म्हणजे काहीच त्रास नाही, 1 म्हणजे त्रासाची कमाल.

मला यातला सर्वात हुशारीचा भाग वाटतो तो हालचालींचा. त्यातली तीन कामं छापील नसतात, ती मूल स्वतः निवडतं. दम्यामुळे तुला कुठल्या गोष्टी करताना त्रास होतो, असं विचारून त्याच्याकडूनच ती काढून घ्यायची. एक मुलगी म्हणेल नाचताना, दुसरी म्हणेल जिना चढताना, तिसरी म्हणेल खूप हसल्यावर. मोठ्यांनी यादी केली असती, तर 'हसणं' तिच्यात आलं असतं का, मला शंका आहे.

लहान मुलांना प्रश्न वाचून दाखवतात आणि उत्तरांचं कार्ड त्यांच्या हातात देतात. सात-आठ वर्षांच्या मुलासाठी 'गेला आठवडा' ही तशी धूसरच गोष्ट. म्हणून आधी आठवडाभरापूर्वीचा एखादा प्रसंग शोधायचा, त्याच्या मित्राचा वाढदिवस म्हणा, आणि त्या दिवसापासून आजपर्यंतचं विचारायचं. पालकांनी शेजारी बसून उत्तरं सुचवायची नाहीत. हे सांगायला सोपं, पाळायला महाकठीण! आई समोर असली की मूल उत्तर देण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघतंच.

गुणांची सरासरी काढताना मात्र एक गोची आहे. समजा आपल्या गोलकीपरने लक्षणांच्या दहाही प्रश्नांना 6 दिले, मनाच्या आठही प्रश्नांना 6 दिले आणि हालचालींच्या पाचही प्रश्नांना 3. एकूण बेरीज 123, भागिले 23, सरासरी साधारण 5.3. सातपैकी 5.3 म्हणजे बरंच बरं, असं म्हणून कागद फाईलमध्ये जाईल. पण त्याची खरी अडचण त्या तिनात आहे. त्यामुळे एकच मोठा आकडा बघण्यापेक्षा तिन्ही भाग वेगवेगळे वाचावेत, आणि वेळ अगदीच कमी असेल तर निदान सर्वात कमी गुण कुठल्या प्रश्नाला पडले एवढं तरी बघावं.

पुढच्या भेटीत गुण थोडे वाढले, तर त्याला सुधारणा म्हणायचं का? त्यासाठी मुलांनाच वेगळं विचारलं गेलं की तुला आधीपेक्षा बरं वाटतंय का, आणि त्यांची उत्तरं गुणांतल्या फरकाशी ताडून पाहिली. मुलाला स्वतःला जाणवेल असा सर्वात लहान फरक साधारण अर्ध्या गुणाचा निघाला. एखाद्या औषधाने सरासरी 0.1 ने वाढली, तर संख्याशास्त्राच्या भाषेत ती 'लक्षणीय' ठरूही शकते, पण मुलाच्या गावीही नसते.

आईवडिलांसाठीही याच गटाची 13 प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली आहे. तिच्यात मुलाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं जगणं विचारलेलं असतं. झोपमोड, कामाचा खोळंबा, औषधांच्या दुष्परिणामांची धास्ती, आपण मुलाला फार जपतोय का ही टोचणी. या दोन प्रश्नावल्या एकमेकींच्या जागी वापरता येत नाहीत. खोकला, घरघर, रात्रीची जाग अशा दिसणाऱ्या-ऐकू येणाऱ्या गोष्टींत पालकांचं आणि मुलाचं उत्तर बरंचसं जुळतं. भीती, लाज, एकटेपणा इथे आलं की फाटे फुटतात. मित्रांसमोर इनहेलर काढायची लाज वाटते म्हणून तो दप्तराच्या तळाशी दडवणारं मूल ते घरी सांगेलच असं नाही.

दमा आटोक्यात आहे की नाही हे पाहणारी एक छोटी चाचणीही बऱ्याच ठिकाणी वापरतात. 4 ते 11 वर्षांच्या मुलांसाठी तिच्यात 7 प्रश्न असतात. पहिले 4 मूल स्वतः चेहऱ्यांची चित्रं बघून सोडवतं, उरलेले 3 पालक. कमाल गुण 27, आणि 19 किंवा त्याहून कमी आले तर दमा आटोक्यात नाही असं समजतात. ती सुटसुटीत आहे, पण तिचा रोख आजारावर आहे. आजार आटोक्यात असणं आणि मूल मजेत असणं या शेजारशेजारच्या गोष्टी आहेत, एकच नव्हेत.

आणि गुण कमी आले म्हणून लगेच औषध वाढवायचं, हा तर निव्वळ उतावळेपणा. आधी इनहेलर कसा घेतला जातो ते प्रत्यक्ष बघावं. इनहेलरला जोडायच्या नळकांड्याचा, म्हणजे स्पेसरचा, मुखवटा चेहऱ्यावर नीट बसत नसेल, तर औषध छातीऐवजी हवेतच जातं. रोजचा डोस खरंच रोज होतो का, घरात कुणी सिगारेट ओढतं का, हेही विचारावं. एवढं सगळं ठीक असूनही मूल पळत नसेल, तर कारण श्वासनळ्यांत नसेलही. पूर्वी आलेल्या एखाद्या मोठ्या अटॅकची दहशत मनात बसलेली असते, किंवा वर्षभर न पळाल्यामुळे दमच उरलेला नसतो, आणि ती धाप कुठल्याही सुस्तावलेल्या शरीराला लागते तशीच असते. पहिल्याला धीर हवा, दुसऱ्याला हळूहळू सराव. स्टिरॉइडचा डोस वाढवून दोघांनाही काही मिळणार नाही. शिवाय काही मुलांना गोलकीपर होणं मनापासून आवडतं, ही शक्यताही आहेच.

प्रश्नावलीचं खरं काम ती भरून झाल्यावर सुरू होतं. मुलाने हालचालींमध्ये 'फुटबॉल' निवडून त्याला 3 गुण दिले असतील, तर डॉक्टरांनी कागदावरून नजर उचलून विचारायचं, "फुटबॉलमध्ये तू कुठे खेळतोस?" मग पळण्याआधी घ्यायचं औषध, सुरुवातीचा हलका सराव, खेळाच्या शिक्षकांना द्यायची चिठ्ठी असं बोलणं पुढे सरकतं. आणि तीन महिन्यांनी पुन्हा प्रश्न विचारताना तीच तीन कामं विचारायची, नवी नाहीत, नाहीतर तुलनाच होत नाही. अडचण एवढीच की तोवर त्याने फुटबॉल सोडून सायकल धरलेली असू शकते.