सहा महिने की दहा वर्षे? नशेतल्या जीवघेण्या अपघातांच्या शिक्षेमागचा इतिहास

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर बाची संपले की शिनोळी लागते आणि कर्नाटक संपून महाराष्ट्र सुरू होतो. या पट्ट्यात पिऊन गाडी हाकणाऱ्याने कुणाला उडवले, तर कलमे दोन्हीकडे तीच लागतात, कारण भारतीय न्याय संहिता (१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) आणि मोटार वाहन कायदा दोन्ही केंद्राचे. बदलतात ती पोलीस ठाणी, कागदांची भाषा आणि अपिलाची वाट. बाचीकडचे प्रकरण वर, उच्च न्यायालयात गेले तर कर्नाटकच्या धारवाड खंडपीठात जाते, शिनोळीकडचे ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे. तक्रार मात्र सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकच ऐकू येते: माणूस मेला आणि चालक दुसऱ्या दिवशी जामिनावर घरी. या तक्रारीचे मूळ १८७० सालात आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत हयगयीने झालेल्या मृत्यूसाठी वेगळे कलम नव्हते. ते १८७० च्या २७ व्या अधिनियमाने आले आणि त्याला ३०४-अ हा क्रमांक मिळाला. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. रस्त्यावर टांगे आणि बैलगाड्या होत्या. सदोष मनुष्यवधात न बसणाऱ्या बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्याने मृत्यू झाला तर जास्तीत जास्त दोन वर्षे कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, एवढीच तरतूद. किमान शिक्षा शून्य. चुकीची शस्त्रक्रिया, पडलेली भिंत, उघडी वीजतार आणि भरधाव ट्रक, सगळे एकाच कलमात. गुन्हा जामीनपात्र, खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढे. ही दोन वर्षांची कमाल मर्यादा ३० जून २०२४ पर्यंत, म्हणजे दीडशे वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली.

त्याच्या वरची पायरी म्हणजे सदोष मनुष्यवधाच्या कलम ३०४ चा दुसरा भाग. मारण्याचा हेतू नव्हता, पण आपल्या कृत्याने मृत्यू होण्याचा संभव आहे याची जाणीव होती, असे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत कैद. गुन्हा अजामीनपात्र, खटला सत्र न्यायालयात. दोन वर्षे आणि दहा वर्षे यांच्या मधली पायरी कायद्याने ठेवलीच नव्हती. दारू पिऊन माणूस मारणे नेमके याच रिकाम्या जागेत पडते. निव्वळ चूक म्हणावी तर तो शुद्धीत असताना ठरवून प्याला आहे. मनुष्यवध म्हणावा तर मेलेल्याला तो ओळखतही नव्हता.

‘इतका प्यालो होतो की काही कळतच नव्हते’ हा बचाव जाणिवेच्या मुद्द्यावर चालत नाही. दंड संहितेचे जुने कलम ८६, न्याय संहितेचे आताचे २४, सांगते की आपणहून नशा केलेल्या माणसाला शुद्धीतल्या माणसाएवढीच जाणीव होती असे धरायचे. तरीही दारू सापडली म्हणून वरचे कलम आपोआप लागत नाही. वेग किती होता, रस्ता कसा होता, फूटपाथवर माणसे झोपतात हे चालकाला ठाऊक होते का, आधी कुणी अडवले होते का, हे सगळे जोडून जाणीव दाखवावी लागते.

दारूचा स्वतंत्र कायदा वेगळ्या वाटेने आला. बेळगाव मुंबई राज्यात होते तेव्हा, १९५० पासून, परवान्याविना पिणे हाच गुन्हा होता. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. पुढे तिथली दारूबंदीही उठली आणि १९६५ च्या अबकारी कायद्याची राजवट सुरू झाली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर चोर्ला आणि अनमोड या दोन्ही घाटवाटांनी स्वस्त दारू हाताच्या अंतरावर आली. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा आदेश एप्रिल २०१७ पासून लागू झाला. पण २० हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी अंतर २२० मीटरवर आले आणि जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दीला सूट मिळाली. पुणे-बंगळूर महामार्गावरून निपाणीत किंवा बेळगावात शिरणाऱ्याला त्या आदेशाचा अडथळा फारसा उरला नाही.

मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ हे मृत्यूसाठी नाही, नुसते पिऊन चालवण्यासाठी आहे. १९८८ च्या मूळ मजकुरात रक्तात दारू ‘कितीही अल्प’ असली तरी गुन्हा होता. १९९४ च्या दुरुस्तीने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि ती ब्रेथ अ‍ॅनालायझरच्या चाचणीशी बांधली. मग नुसता रक्ताचा अहवाल पुरेसा आहे का, यावर वकिलांना वाद घालायला जागा मिळाली. २०१९ मध्ये ‘प्रयोगशाळेच्या चाचणीसह अन्य कोणतीही चाचणी’ हे शब्द घालून ती बुजवली गेली. त्याच वेळी पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० वरून १०,००० रुपये झाला. सहा महिन्यांची कमाल कैद होती तशीच राहिली. हा गुन्हा जागेवर पावती फाडून मिटत नाही, न्यायालयात जावेच लागते.

न्यायालयांनी प्रत्यक्षात काय दिले, ते पाहायला कर्नाटकातलीच प्रकरणे आहेत. १९८७ मध्ये ‘कर्नाटक राज्य विरुद्ध कृष्णा ऊर्फ राजू’ या खटल्यात खाली किरकोळ दंडावर सुटलेल्या चालकाला सर्वोच्च न्यायालयाने सहा महिने सश्रम कारावास आणि १,००० रुपये दंड दिला आणि अशी अवाजवी दया लोकांचा न्यायावरचा विश्वास घालवते, असे बजावले. २००२ मध्ये शरणप्पा आरेगौडर प्रकरणात उच्च न्यायालयाने हलकी केलेली शिक्षा पुन्हा कडक झाली. उलट १९९८ च्या सतीश प्रकरणात न्यायालय म्हणाले की ‘वेग जास्त होता’ एवढ्यावर बेदरकारपणा सिद्ध होत नाही. ही तिन्ही प्रकरणे दारूची म्हणून गाजलेली नाहीत, पण तालुक्याच्या कोर्टात शिक्षेचा युक्तिवाद आजही यांच्याच भोवती फिरतो.

दारूच्या पुराव्याबाबत निर्णायक निकाल त्याही आधीचा, १९७१ चा. बचुभाई कर्याणी प्रकरणात तोंडाला वास, झोकांड्या, बरळणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस नशेत होता असे म्हणता येत नाही, रक्त किंवा लघवीची तपासणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. ‘चालक दारूच्या अमलाखाली होता’ हे पंचनाम्यातले वाक्य त्यामुळेच कोर्टात एकटे उभे राहत नाही.

वरच्या कलमाकडे वळण मिळाले ते २०१२ मध्ये. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर झोपलेल्या मजुरांवर गाडी चढून सात जण गेले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के अल्कोहोल होते, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या पावणेचार पट. सत्र न्यायालयाने ३०४-अ धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने ३०४ चा दुसरा भाग लावून तीन वर्षे केली आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १९९९ च्या दिल्ली बीएमडब्ल्यू प्रकरणाचा निकाल लागला. तिथे सहा बळी होते. कलम ३०४ चा दुसरा भागच धरला गेला, पण शिक्षा भोगलेल्या दोन वर्षांवर थांबली. जोडीला ५० लाख रुपये आणि दोन वर्षे समाजसेवा. एकाच वर्षात, एकाच कलमाखाली, सात बळींना तीन वर्षे आणि सहा बळींना दोन. शिक्षा न्याय्य आहे का या प्रश्नाला आमच्या मते इथे सरळ उत्तर मिळते. वर्षांचा आकडा कमी की जास्त हा वाद नंतरचा. आधी दोन सारख्या गुन्ह्यांना सारखे माप तरी हवे.

३०४-अ ची कमाल शिक्षा वाढवण्याची मागणी जुनी आहे. विधी आयोगाने २००९ च्या २३४ व्या अहवालात ती दहा वर्षे करायला सांगितले. २०१५ मध्ये सौरभ बक्षी प्रकरणात, दोन बळी असूनही उच्च न्यायालयाने भरपाई दिली म्हणून २४ दिवसांवर आणलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने सहा महिने केली आणि ३०४-अ कडे पुन्हा पाहा, असे कायदेमंडळाला सुचवले. अखेर १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने कमाल पाच वर्षे केली आणि दंड अनिवार्य झाला. किमान शिक्षा याही वेळी नाही, आणि दारूचा उल्लेखही नाही. अपघात करून पोलिसांना न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणारे १०६(२) तर जानेवारी २०२४ च्या ट्रकचालकांच्या संपानंतर लागूच केले गेले नाही. मनुष्यवधाचे जुने ३०४ आता १०५ झाले आहे.

पाच वर्षे कागदावर आली, पण १०६(१) चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यापुढेच चालतो आणि त्याला तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देण्याचा अधिकार नाही. अधिक हवी असे वाटले तर त्याने प्रकरण मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे. सरकारी वकिलाने तशी मागणीच केली नाही तर पाच वर्षांचा प्रश्न सहसा उद्भवतच नाही.

म्हणून खरा निकाल लागतो तो पहिल्या रात्री. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ खाली अपघातातल्या संशयित चालकाची श्वासचाचणी घेता येते, तो रुग्णालयात दाखल असेल तर तिथेही, मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरची हरकत नसावी. नकार दिला तर २०५ प्रमाणे तो नकार त्याच्याविरुद्ध धरता येतो. १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी.

या दोन तासांचा हिशोब असा. शरीर साधारणपणे तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे १५ मिलिग्रॅम दारू जाळते. माणसागणिक हे १० ते २० पडते. चोर्ला रस्त्यावर जांबोटीच्या पुढे रात्री अकराला अपघात झाला, जखमींना बेळगावला हलवण्यात वेळ गेला आणि चालकाचे रक्त पहाटे तीनला घेतले, तर चार तासांत ६० मिलिग्रॅम गेले. अहवालात २५ आले तर तो मर्यादेखाली, म्हणजे कायद्याच्या लेखी शुद्धीत. अपघाताच्या क्षणी तो ८५ च्या आसपास असणार. मागे मोजत जाऊन तज्ज्ञ हे सांगू शकतो, पण उलटतपासणीत १० की १५ की २० यावरच सारे अडते.

रक्त घेण्याची रीतही साधी वाटते तेवढी नाही. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटने पुसायची नाही, नाहीतर बचावाला आयता मुद्दा. पाचेक मिलिलिटर रक्त करड्या टोपणाच्या नळीत घ्यायचे. त्यात सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असते: पहिले जंतूंना आवरते, दुसरे रक्त गोठू देत नाही. नळी आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायची, टोपण घट्ट, त्यावर सील, नाव, सही आणि घेतल्याची अचूक वेळ. मग थंड ठेवून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत; बेळगावात प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा असल्याने अंतराची सबब या भागात टिकत नाही. फ्लोराइड नसेल आणि नळी ठाण्याच्या कपाटात पडून राहिली तर जंतू दारू खातातही आणि नवी तयारही करतात, त्यामुळे आकडा दोन्हीकडे घसरू शकतो. टोपण सैल असेल तर दारू उडून जाते. चालकाला आधी सलाइन किंवा रक्त चढवले असेल तर त्याची नोंद हवी. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयाचे डॉक्टर अटकेत गेले, तेव्हा ही साखळी किती कच्ची असू शकते ते सगळ्यांनी पाहिले.

बारचे बिल आणि सीसीटीव्ही हा दुसरा आधार. प्यायला गोव्यात आणि अपघात खानापूर तालुक्यात, असे असेल तर तपास अधिकाऱ्याने त्याच आठवड्यात गोव्यात पोहोचायला हवे, कारण जागा भरली की डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, जुने पुसून त्यावर नवे घेतो. मिळालेल्या चित्रणाला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. घटनास्थळी न्यायवैद्यक तज्ज्ञ नेण्याची नव्या नागरिक सुरक्षा संहितेची (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याची) सक्ती सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. १०५ लावले तर ती आहे, १०६(१) लावले तर नाही. पहिल्याच दिवशी हलके कलम पडले की पुढचा पुरावाही हलकाच गोळा होतो, आणि मग पुराव्याअभावी कलम वाढवता येत नाही.

मृताच्या घरच्यांची अडचण शेवटी अपिलात कळते. निर्दोष सुटका, हलक्या कलमाखाली दोषसिद्धी किंवा अपुरी भरपाई या तीन कारणांवर पीडिताला स्वतः अपील करता येते. निर्दोष सुटकेविरुद्ध त्याला वेगळी परवानगी लागत नाही, हे २०१८ च्या मल्लिकार्जुन कोडगली या कर्नाटकातल्याच प्रकरणात ठरले. पण शिक्षा कमी पडली या कारणावर अपील फक्त राज्य सरकार करू शकते. दंडाधिकाऱ्याने कमी शिक्षा दिली असेल तर ते सत्र न्यायालयात. त्यासाठी निकाल लागताच सरकारी वकिलाकडे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. बेळगावच्या बाजूला फिर्याद आणि पंचनामा कन्नडमध्ये असतो. वाचता येत नसेल तर सही करण्याआधी वाचून समजावून मागावा आणि अपघाताची वेळ, वासाचा उल्लेख व रक्त घेतल्याची वेळ त्यात आली आहे ना ते पाहावे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात वेगळा चालतो आणि कायद्यात त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. चालक प्यालेला होता हे विमा कंपनीला बचावाचे कारण असले, तरी तिने आधी मृताच्या वारसांना पैसे द्यायचे आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायचे, असा आदेश न्यायाधिकरणे देतात.