सुपर टस्कन : इटलीचा वाइन कायदा आणि चौकटीबाहेरची लाल मिश्रणे

इटलीच्या तोस्काना (टस्कनी) प्रांतातील, जुन्या नियमांत न बसणाऱ्या उंची लाल वाइनना ‘सुपर टस्कन’ म्हणतात. हे नाव बोलण्यातले आहे. कायद्यात अशी श्रेणीच नाही.

इटलीत १९६३ च्या कायद्याने ‘डीओसी’ (नियंत्रित मूळस्थानाचे नाव) ही श्रेणी आणि तिच्यावर अधिक कडक ‘डीओसीजी’ आली. अशा प्रत्येक नावासाठी एक नियमपत्र असते. द्राक्षे कोणत्या गावांतली, कोणती वाणे, किती टक्के, हेक्टरी उत्पादन किती, वाइन मुरवायची किती काळ, हे सगळे त्यात ठरलेले असते. वाइन चाखूनही तपासतात, पण ती पुढची गोष्ट. मिश्रण नियमपत्राबाहेरचे असेल, तर वाइन कितीही उत्तम असो, ते नाव तिला मिळत नाही. श्रेणी आणि गुणवत्ता एकच मानण्याची चूक इथेच होते.

कियान्ती या तोस्कानातल्या प्रसिद्ध लाल वाइनचे उदाहरण बोलके आहे. तिथले उत्पादक बारोन रिकासोली यांनी १८७२ मध्ये मिश्रणाचे सूत्र सांगितले, तेव्हा मुरवायच्या वाइनमध्ये माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष नको, असेच त्यांचे मत होते. १९६७ च्या डीओसी नियमांनी मात्र लाल कियान्तीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. त्यामुळे वाइन पातळ होते, अशी चांगल्या उत्पादकांची तक्रार होती आणि ती रास्त होती. आन्तिनोरी घराण्याने १९७१ च्या हंगामापासून आपली ‘तिन्यानेल्लो’ ही वाइन कियान्ती म्हणून न विकता साधी ‘टेबल वाइन’, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतली, म्हणून बाजारात आणली. १९७५ पासून तिच्यातली पांढरी द्राक्षे पूर्ण गेली; सांजोवेझे या कियान्तीच्या मुख्य लाल द्राक्षाच्या जोडीला काबर्ने हे फ्रेंच लाल द्राक्ष आले.

समुद्रालगतच्या बोल्गेरीत अडचण वेगळी होती. तिथे मारिओ इंचीसा देल्ला रोकेत्ता यांनी १९४० च्या दशकात काबर्ने लावले. त्यांची ‘सासिकाया’ १९६८ च्या हंगामापासून विक्रीस आली, तेव्हा तिथल्या लाल वाइनसाठी डीओसीच नव्हती. १९७८ मध्ये लंडनमधील चाचणीत तिने जगभरच्या काबर्ने वाइनना मागे टाकले, तरी कागदोपत्री ती टेबल वाइनच राहिली. १९८३ ची बोल्गेरी डीओसीसुद्धा फक्त पांढऱ्या आणि रोझे वाइनपुरती होती. लाल वाइनना १९९४ मध्ये जागा मिळाली आणि २०१३ मध्ये सासिकायाला स्वतःची डीओसी मिळाली. एकाच वाइनरीची ही डीओसी इटलीत अपवादच म्हणायची.

या कोंडीवरचा उपाय १९९२ च्या १६४ क्रमांकाच्या कायद्याने काढला. मंत्री जोव्हान्नी गोरिया यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याने टेबल वाइन आणि डीओसी यांच्यामध्ये ‘आयजीटी’ (प्रदेशाच्या नावाची वाइन) ही मधली पायरी आणली. यात किमान ८५ टक्के द्राक्षे त्या प्रदेशातली असावी लागतात. वाणांच्या मिश्रणाला बरीच मोकळीक असते. बहुतेक सुपर टस्कन आज ‘तोस्काना आयजीटी’ नावाने विकल्या जातात.

पायरी उतरणे हा काहींचा स्वखुशीचा निर्णयही असतो. पिएमोन्ते प्रांतातील बार्बारेस्को या डीओसीजी वाइनला शंभर टक्के नेब्बियोलो हे लाल द्राक्ष लागते. तिथल्या आंजेलो गाया यांना आपल्या तीन नामांकित मळ्यांच्या वाइनमध्ये बार्बेरा हे दुसरे लाल द्राक्ष थोडे हवे होते, म्हणून १९९६ च्या हंगामापासून त्यांनी बार्बारेस्को हे नाव सोडून ‘लांगे’ ही खालच्या पायरीची डीओसी घेतली. २०१३ च्या हंगामापासून बार्बेरा वगळून त्या पुन्हा बार्बारेस्को झाल्या.

दोन प्रांतांची द्राक्षे एकत्र केली, तर बहुधा आयजीटीही हातची जाते. फान्तिनी या वाइनरीची ‘एदित्सियोने चिंक्वे आउतोक्तोनी’ ही वाइन आब्रुत्सो आणि पुल्यातल्या पाच स्थानिक वाणांची आहे. ती नुसती ‘विनो’, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीतली, ठरते, म्हणून बाटलीवर हंगामाच्या वर्षाऐवजी आवृत्तीचा क्रमांक असतो.

दरम्यान कियान्ती क्लासिको, म्हणजे कियान्तीच्या मूळ भागातल्या वाइन, यांचे नियमही बदलले. २००६ च्या हंगामापासून पांढऱ्या द्राक्षांना बंदी आहे. सांजोवेझे किमान ८० टक्के आणि उरलेल्यात काबर्ने किंवा मेर्लो हे दुसरे फ्रेंच लाल द्राक्ष चालते. द्राक्षांच्या प्रमाणापुरते पाहिले, तर तिन्यानेल्लो आता या नियमात बसू शकते. आन्तिनोरींनी ती तोस्काना आयजीटीतच ठेवली आहे.