ओव्हर-द-ऱ्हाइन : 'ऐतिहासिक' या शब्दाचं भांडण

अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या ओव्हर-द-ऱ्हाइन या जुन्या वस्तीत घरांवरून जो वाद चालू आहे, त्याची सुरुवात बहुतेक जण एप्रिल 2001 च्या दंगलीपासून धरतात. माझ्या मते ती 1983 पासून धरायला हवी.

त्याआधीचं थोडक्यात. जर्मन स्थलांतरित मायामी-इरी कालव्यावरचे पूल ओलांडून घरी यायचे आणि त्या कालव्याला चेष्टेनं जर्मनीतल्या नदीचं, 'ऱ्हाइन'चं, नाव द्यायचे. म्हणून वस्ती 'ऱ्हाइनच्या पलीकडची'. 1900 च्या सुमारास इथे 44-45 हजार माणसं दाटीवाटीनं राहत होती. पहिल्या महायुद्धात जर्मन नावं नकोशी झाली, ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला. मग दारूबंदीनं बिअरचे कारखाने बसले. कालव्याच्या जागी 1928 मध्ये सेंट्रल पार्कवे आला. ऱ्हाइन गेली, 'पलीकडे' तेवढं उरलं.

पुढे अ‍ॅपलाचियाच्या डोंगराळ भागातले गरीब गोरे इथे आले. शेजारच्या वेस्ट एंडवर महामार्ग आणि कारखान्यांसाठी बुलडोझर फिरला, सुमारे 25 हजार लोक उठवले गेले. ते बहुतेक कृष्णवर्णीय होते आणि त्यांतले बरेच इथे भाड्यानं राहू लागले. 1990 पर्यंत लोकसंख्या साडेनऊ हजारांवर आली होती. इमारती मात्र जुन्याच : उंच निमुळत्या खिडक्या, छपराखाली नक्षीच्या पट्ट्या, सगळं इटालियन वळणाचं.

या सबंध वस्तीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत नोंद व्हावी की नाही, यावर काही वर्षं भांडण चाललं. यादीत नाव आलं की इमारत वाचली, असा समज असतो. तसं काही नाही. केंद्राच्या यादीत असलेली इमारत मालक स्वतःच्या पैशानं खुशाल पाडू शकतो. अडवायचं तर शहराचा वेगळा नियम लागतो. नोंदीमुळे मिळते ती करसवलत. 1981 च्या कायद्यानं यादीतली उत्पन्न देणारी इमारत दुरुस्त करणाऱ्याला खर्चाच्या 25 टक्के रक्कम प्राप्तिकरातून वळती करून घेता येऊ लागली (1986 मध्ये ती 20 टक्क्यांवर आणली). दुरुस्तीनंतरचं भाडं जुन्या भाडेकरूला झेपेल का, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेत नव्हताच. वारसाप्रेमी नोंदीच्या बाजूनं होते, भाडेकरूंसाठी आणि बेघरांसाठी काम करणारे विरोधात. या यादीच्या कायद्यात 1980 मध्ये झालेल्या बदलानुसार निम्म्याहून जास्त खासगी मालकांनी हरकत घेतली तर नोंद थांबते. हरकत मालकांची. ज्या वस्तीत बहुतेक सगळे भाड्यानं राहतात, तिथे राहणाऱ्यांना मतच नव्हतं. ही गोष्ट मला सगळ्यात खटकते.

1983 मध्ये नोंद झाली. गंमत म्हणजे पुढची वीस वर्षं दोन्ही बाजूंचे अंदाज चुकले. पैसेवाले आले नाहीत आणि इमारतीही वाचल्या नाहीत. 2000 मध्ये 7,600 च्या आसपास लोक उरले होते, त्यांत तीन-चतुर्थांशांहून जास्त कृष्णवर्णीय. पुढच्या वर्षी पोलिसाच्या गोळीनं एक निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण गेला आणि दंगल पेटली. 2006 मध्ये देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या ऐतिहासिक स्थळांत या वस्तीचं नाव झळकलं.

तोवर, 2003 पासून, बड्या कंपन्यांच्या पाठबळावरची एक ना-नफा संस्था वस्तीच्या दक्षिण भागात इमारती घेऊ लागली होती. आता ती करसवलत कामी आली. वाइन स्ट्रीटवर दिवे लागले, 2012 मध्ये नवं वॉशिंग्टन पार्क खुलं झालं, 2016 मध्ये ट्राम धावू लागली. पार्कसमोरचा 1878 चा म्युझिक हॉल 2017 मध्ये नव्यानं उघडला. गोरगरिबांच्या जुन्या दफनभूमीवर तो उभा आहे आणि पाया खणताना अजूनही हाडं निघतात. दरम्यान, 2002 ते 2015 या काळात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडणारी जवळपास तीन-चतुर्थांश घरं गेली.

लिबर्टी स्ट्रीट 1950 च्या दशकात रुंद केला, तेव्हापासून वस्तीचे दोन तुकडे पडले आहेत. उत्तरेकडच्या तुकड्यात फिंडले मार्केट आणि जुन्या बिअर कारखान्यांची तळघरं आहेत. इमारती घेणारे आता रस्ता ओलांडून तिकडे पोचले आहेत.