परत येणाऱ्यासाठी पेटवलेला विस्तव

आमच्या घरात ‘तारण’ हा शब्द दोन ठिकाणी ऐकू यायचा. रविवारच्या मिस्साला फादर म्हणायचे, ख्रिस्ताने आपलं तारण केलं. आणि घरी, दार लोटून घेतल्यावर, आईबाबा कुजबुजायचे की काकांनी आजीची पाटली तारण ठेवली. शब्द एकच, एवढं लहानपणी कळत होतं. त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

संबंध आहे, आणि जुना आहे. गहाण पडलेली वस्तू पैसे मोजून सोडवायची, गुलामाला किंवा युद्धकैद्याला खंडणी भरून मोकळं करायचं, हा भूमध्य समुद्राकाठच्या बाजारांतला रोजचा व्यवहार होता. येशूच्या मरणाचा अर्थ सांगताना पहिल्या ख्रिस्ती लोकांनी हीच बाजारातली भाषा उचलली. मराठी बायबलातही ‘खंडणी’ हा शब्द आला तो त्याच वाटेने. पडलेल्या माणसाला परत उभं करण्याची ख्रिस्ती परंपरा समजून घ्यायची, तर हा हिशेबाचा, देण्याघेण्याचा वास विसरून चालत नाही. आज प्रार्थनासभांतून अनेक साक्षी ऐकायला मिळतात: एका रात्रीत सगळं बदललं, दारू सुटली, संसार सावरला. कुणाचं तसं झालंही असेल, मी खोटं म्हणत नाही. पण गेल्या दोन हजार वर्षांचा इतिहास, आणि आपल्या कोकणकिनाऱ्याचा चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास, फार सावकाश चालणारी गोष्ट सांगतो.

तिची सुरुवात किनाऱ्यावरच होते. येशूचा शिष्य पेत्र हा गालील समुद्रावरचा कोळी. येशूला पकडून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात थंडी होती, चाकरांनी कोळशांचा विस्तव केला होता, आणि पेत्र त्यांच्यात शेकत उभा होता. तिथे त्याने तीनदा सांगितलं की मी त्या माणसाला ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. पुढे येशूच्या पुनरुत्थानाची बातमी कळल्यावरही पेत्र काय म्हणतो? मी मासे धरायला जातो. ज्याला आपल्या हातून काय घडलं ते विसरता येत नाही, तो आपल्या जुन्या कामात तोंड लपवतो. रात्रभर जाळं टाकलं, एक मासा लागला नाही. आमच्या वसईतल्या पाचूबंदरच्या एका म्हाताऱ्या कोळ्याशी मी या उताऱ्याबद्दल बोललो होतो. त्याचं म्हणणं, नाव रिकामी परतते तेव्हा बंदरावर ओळखीचं कुणी भेटू नये असंच वाटतं.

आणि किनाऱ्यावर नेमका तोच उभा आहे, ज्याला ओळख नाकारली. तो रागावत नाही, जाब विचारत नाही. त्याने कोळशांचा विस्तव केलाय, वर मासळी आहे, भाकर आहे. या, न्याहारी करा, म्हणतो. योहानाच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात कोळशाच्या विस्तवासाठी जो शब्द आहे, तो बायबलच्या अख्ख्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो: जिथे पेत्राने नाकारलं तिथे, आणि जिथे त्याला परत घेतलं तिथे. तोच धूर, तीच ऊब. न्याहारी झाल्यावर प्रश्नही तीनदाच विचारला जातो, तू माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं स्पष्ट लिहिलं आहे. जखमेला हात लागल्याशिवाय ती धुतली जात नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याला काम दिलं जातं: माझी मेंढरं चार, माझी मेंढरं पाळ. क्षमा आणि जबाबदारी एकाच दमात.

मला हा प्रसंग सगळ्याचं मूळ वाटतो. पुढे मंडळीने, म्हणजे चर्चने, जे काही केलं, ते या न्याहारीच्या जवळ गेलं की दूर, एवढंच मी पाहतो.

पहिली मोठी कसोटी सन 250 च्या सुमारास आली. रोमन सम्राट डेसियसने फर्मान काढलं की सगळ्यांनी देवांना बळी अर्पावा आणि तसा दाखला घ्यावा. पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीपोटी बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता दाखला मिळवला. छळ थांबल्यावर ही माणसं दाराशी आली. त्यांना लॅटिनमध्ये जे नाव पडलं, त्याचा शब्दशः अर्थ ‘पडलेले’, म्हणजे आपल्या भाषेत अगदी नेमका शब्द, पतित. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, यांना परत घ्यायचं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, घ्यायचं, पण प्रायश्चित्त करवून. हा सिप्रियन स्वतः छळाच्या दिवसांत लपून राहिला होता आणि त्यावरून लोक त्याला बोलत होते. पुढे 258 मध्ये तो हुतात्मा झाला. पतितांसाठी दार उघडं ठेवणाऱ्याला लपण्याची लाज ठाऊक होती, हे मला लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

तेव्हाचं प्रायश्चित्त चारचौघांत असे, दीर्घ असे, आणि आयुष्यात एकदाच मिळे. सहाव्या-सातव्या शतकात आयर्लंडच्या मठवासीयांनी वेगळी रीत पसरवली: आपलं पाप एकट्याने, धर्मगुरूच्या कानात सांगायचं, आणि हवं तितक्या वेळा. परत परत पडणाऱ्या माणसासाठी हा बदल किती मोठा होता! 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावं असा नियमच केला. ईस्टरपूर्वी आमच्या देवळात (जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात) पापनिवेदनाची रांग लागते, तिचं मूळ या नियमात आहे. सोळाव्या शतकात, मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याच्या आग्रहातून, मध्ये जाळी असलेली लाकडी पेटी रूढ झाली. आमच्या देवळातल्या पेटीच्या फळीला, गुडघे टेकतात तिथे, दोन खळगे पडले आहेत. लहान मुलाची वाटी बसेल एवढे.

याच शतकात हे सगळं आपल्या किनाऱ्याला लागलं. 1534 मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली. पापनिवेदनासाठी एकमेकांची भाषा कळावी लागते, आणि इथे पाद्र्यांची अडचण झाली. कोकणी-मराठी शिकणं भाग पडलं. त्यातून उभा राहिला फादर थॉमस स्टीफन्स, 1579 मध्ये गोव्यात उतरलेला इंग्रज जेझुइट, म्हणजे ‘येशूसंघ’ या कॅथलिक संघाचा पाद्री. त्याचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं. सृष्टीच्या निर्मितीपासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्याने दहा हजारांहून अधिक ओव्यांत सांगितली, ज्ञानेश्वर-एकनाथांच्या छंदात. तारणाची गोष्ट कोकणच्या माणसाच्या कानाला ओळखीची झाली ती अशी.

पण त्याच काळात, त्याच गोव्यात, 1560 पासून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालयही होतं. बाप्तिस्मा घेतल्यावर जुन्या चालीरीतींकडे वळलेल्यांना, म्हणजे पुन्हा पतितांनाच, तिथे तुरुंग आणि शिक्षा भोगाव्या लागल्या. मध्ये काही वर्षांचा खंड सोडला तर ते 1812 पर्यंत चाललं. ख्रिस्ती म्हणून हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती वाटायलाच हवी. विस्तव तिथेही होता, पण न्याहारीसाठी नव्हता. क्षमेची भाषा बोलणारी मंडळी क्षमा विसरू शकते, हा या इतिहासाचा भाग आहे आणि तो गाळून पुढे जाता येणार नाही.

वसईचा आपला संत गोन्सालो गार्सिया याच काळातला. बाप पोर्तुगीज, आई इथली. कोवळ्या वयात जेझुइटांसोबत जपानला गेला, तिथली भाषा शिकला, वर्षानुवर्षं त्यांची सेवा केली. संघात घ्या म्हणून विनवलं, पण त्यांनी घेतलं नाही. त्याने व्यापार धरला, त्यात जम बसवला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर म्हणून दाखल झाला. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला 26 जणांना क्रुसावर मारलं, त्यांत तो होता. 1862 मध्ये त्याला संतपद मिळालं. त्याचं अपयश पापाचं नव्हतं, नाकारलं जाण्याचं होतं. तरीही वसईतली बरीच मुलं परीक्षेत नापास झाल्यावर त्याच्याच तसबिरीपुढे मेणबत्ती लावतात, हे मी पाहिलं आहे.

1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकली आणि पोर्तुगीज गेले, पण इथली ख्रिस्ती माणसं आणि त्यांची देवळं राहिली. पुढच्या शतकात दक्षिणेकडे वेगळी लाट आली. 1823 पासून स्कॉटिश प्रॉटेस्टंट मिशनरी बाणकोट आणि हर्णैला राहू लागले. मुंबईच्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सन 1829 मध्ये आल्यावर मराठी शिकायला हर्णैलाच गेले होते. त्यांच्या उपासनेत जाळीची पेटी नव्हती. माणसाने थेट देवापुढे पश्चात्ताप करायचा, यावर भर. त्यांच्या हातून फार माणसं ख्रिस्ती झाली नाहीत. शाळा मात्र झाल्या, छापील पुस्तकं झाली.

आणि मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात 1861 मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक. आई लवकर गेली, वडील कडक, पोरगा घर सोडून नाशिकला आला. बुद्धी विलक्षण, पण एका जागी टिकणं नाही, नोकऱ्या धरल्या आणि सोडल्या, राग नाकावर, हातात पैसा ठरेना. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे पुष्कळजण गोष्ट संपवतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ती इथे सुरू होते. बातमी कळल्यावर त्यांच्यावर आभाळ कोसळलं, पोराला घेऊन त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. 1900 मध्ये त्यांनी स्वतः, स्वतःच्या विचाराने, बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना दिसतं की त्यानंतरही टिळकांचा तापटपणा गेला नव्हता, रुसवेफुगवे चालूच होते. पण ते चूक कबूल करत, पुन्हा जवळ येत. आपण तुकारामाच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. ज्या भाषेत ‘पतितपावन’ हे देवाचं आवडतं नाव आहे, तिथे हा सेतू आधीच बांधलेला होता. बाप्तिस्म्याने माणसाचा स्वभाव एका दिवसात बदलतो, या समजुतीला टिळकांच्या संसाराइतकं प्रामाणिक उत्तर मराठीत दुसरं नाही.

विसाव्या शतकात कबुलीची रीत देवळाच्या पेटीतून बाहेर पडली. फ्रँक बुकमन नावाच्या अमेरिकन लुथरन पाळकाचं सहा विश्वस्तांशी भांडण झालं होतं. 1908 मध्ये इंग्लंडमधल्या केझिकला प्रार्थना करताना आपला द्वेष त्याला स्वतःलाच दिसला आणि त्याने सहाही जणांना क्षमा मागणारी पत्रं लिहिली. त्याच्याभोवती जमलेल्या ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये एकमेकांपाशी चुका कबूल करायच्या आणि नुकसान भरून द्यायचं, अशी शिस्त पडली. त्या ग्रुपमधून गेलेल्या दोन दारुड्यांनी 1935 मध्ये अमेरिकेत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचे गट, सुरू केलं. त्यांच्या बारा पायऱ्यांपैकी पाचवी म्हणजे कबुली, आठवी म्हणजे ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी, नववी म्हणजे भरपाई. शुभवर्तमानातला जक्कय आठवतो, कुणाचं काही लुबाडलं असेल तर चौपट परत करतो म्हणणारा. 1981 मध्ये फादर जो परेरांनी वांद्र्याला ‘कृपा’ ही व्यसनमुक्ती संस्था सुरू केली. तिचं काम वसईतही आलं.

माझे काका अशाच एका गटात जात. देवळाच्या मागचा हॉल, गोल मांडलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या पिंपात चहा. तोवर त्यांनी केळीच्या वाडीतला आपला हिस्सा विकला होता, बावखलाकाठची (बावखल म्हणजे वाडीतलं तळं) नारळाची झाडंसुद्धा. गटात जायला लागल्यावर दोनदा पुन्हा प्यायले. दोन्ही वेळा पुढच्या गुरुवारी जाऊन बसले, आणि दोन्ही वेळा कुणीतरी काही न विचारता चहाचा कप पुढे केला, असं ते सांगायचे.

त्यांच्याकडे शाळकरी मुलांची असते तशी चाळीस पानी वही होती. डावीकडे नावं, उजवीकडे आकडे किंवा वस्तू. किराणावाला, 340 रुपये. शेजारचा मोटारपंप. एका सुक्या मासळीवालीचे पैसे, आकडा दोनदा खोडून वाढवलेला. माझ्या बाबांच्या नावापुढे आकडा नाही, नुसतं ‘बोललो ते’. काका पालघरला वॉचमनची नोकरी करत, आणि दर महिन्याला एखाद्या नावावर पट्टी ठेवून लाल रेघ मारत. बाबांच्या नावावर रेघ पडली त्या दिवशी दोघे भाऊ ओटीवर उशिरापर्यंत बसले होते. काय बोलले ते कुणी विचारलं नाही.

काका गेले तेव्हा वही माझ्याकडे आली. एकच ओळ तशीच आहे: ‘आई, पाटली, एक.’ ती पाटली सोडवायला ते गेले, तोवर ती कधीच वितळवून झाली होती, आणि आजीही राहिली नव्हती. दर 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ते सगळ्यांच्या आधी कबरस्थानात पोहोचत, तिच्या कबरीवरचं गवत हाताने उपटत, खळ घातलेला पांढरा चुना लावत. आम्ही पोहोचायचो तेव्हा त्यांच्या बोटांच्या सांध्यांत चुना असायचा. त्या ओळीवर रेघ त्यांनी कधी मारली नाही. मीही मारलेली नाही.