गळ टाकण्याआधीची वीस मिनिटं
तीर्थन खोऱ्यात आमच्याकडे उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी माहितीपत्रक

मासेमारीचं बुकिंग करून आलेल्या पाहुण्यांकडून एक तक्रार आमच्याकडे नेमाने येते. 'पैसे मासेमारीचे भरले आणि तुमच्या गाईडने आम्हाला वीस मिनिटं दगडाआड बसवून ठेवलं.' गाईड असं करतो हे खरं आहे, आणि तसं करायला आम्हीच त्याला सांगितलेलं आहे. दर वेळी काठावर उभं राहून, तेही कुजबुजत, हे समजावणं अवघड जातं. म्हणून इथे एकदा सविस्तर लिहितो आहोत. खोलीत सामान लावून झालं की चहाबरोबर वाचून घ्या.

होतं असं की रात्रभर प्रवास करून माणूस येतो, औटला वळून बंजारच्या रस्त्याला लागतो, आणि शेवटच्या वळणावर खाली हिरवं, काचेसारखं पाणी दिसतं. कुणालाही धावत जावंसं वाटेल. पाहुणेही तसेच जातात. हातात गळ, अंगात लाल नाहीतर पिवळं जॅकेट, तडक डोहाच्या तोंडाशी. पहिली फेक पडायच्या आतच डोह रिकामा झालेला असतो. मग पुढचे दोन तास गाईड ज्या पाण्यात मासा उरलेला नाही तिथे मासा दाखवायची खटपट करत राहतो, आणि संध्याकाळी आम्हाला ऐकायला मिळतं की तीर्थन नदीत ट्राउट मासे उरलेच नाहीत.

ट्राउट असतात. तुम्ही त्यांना दिसायच्या आधी त्यांना तुम्ही दिसलेले असता, एवढंच.

पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश हवेतून पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे ही खिडकी साधारण ९७ अंशांच्या कोनात मावते. मासा एक मीटर खोल असेल तर त्याच्या डोक्यावरची खिडकी सव्वादोन मीटरच्या आसपास रुंद असते. तिच्या पलीकडे पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो. काठावरची सगळी दुनिया त्या खिडकीच्या कडेला चेपून बसलेली असते. पाण्याच्या पातळीपासून दहाएक अंशांच्या खाली जे असेल ते माशाला जवळजवळ उमगत नाही. याचा हिशोब सोपा आहे. पाण्याच्या पातळीला उभा असलेला साधारण उंचीचा माणूस माशापासून दहा मीटरच्या आत आला की खिडकीत उगवतो. तोच माणूस खाली बसला तर पाच मीटरपर्यंत खपून जातो. उंच दरडीवर उभे राहिलात तर दरडीची उंचीही तुमच्या उंचीत मिळवा. म्हणून आमचे गाईड तुम्हाला दरडीवरून कधीच नेत नाहीत. खालच्या अंगाने, म्हणजे प्रवाह जिकडे जातो तिकडून वर, वाकून नेतात. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण खाणं वरून वाहत येतं. त्याच्या पाठीमागून गेलात तर निम्मं काम झालं.

उरलेलं काम पायांचं. माशाच्या दोन्ही अंगांना जी रेघ दिसते तिने तो पाण्यातली हालचाल आणि हादरे टिपतो. काठावरचा दगड बुटाखाली डुगडुगला की ते त्याला कळतं. हवेतलं बोलणं मात्र पाण्यात फारसं शिरत नाही. हे ऐकून काही पाहुणे मोकळेपणाने गप्पा मारू लागतात, पण तेव्हा रान हातचं जातं. पाण्यासाठी पाय सांभाळावे लागतात आणि रानासाठी तोंड.

एकदा बिथरलेला ट्राउट दगडाखाली किंवा मुळांच्या जाळीत शिरतो. आमचा अनुभव असा की अर्धा तास तरी तो परत खायला लागत नाही, कधी सकाळच वाया जाते. वीस मिनिटं बसणं त्या मानाने स्वस्त पडतं. आणि ही वीस मिनिटं तुमच्या वेळेतून कापलेली नसतात. अर्ध्या दिवसाच्या मासेमारीचे चार तास पहिली फेक पडल्यापासून मोजतो, बसणं त्यात धरत नाही. बुकिंगच्या वेळी हे सांगायचं आमच्याकडून कधी कधी राहून जातं. आता पावतीवरही छापायला घेतलं आहे.

बसून करायचं काय, हा पुढचा प्रश्न. खरं तर आमच्याकडच्या मुक्कामातला सगळ्यात चांगला भाग हाच आहे, आणि तो चुकवून गेलेल्यांचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

पाण्याच्या मधोमध असलेल्या ओल्या दगडाकडे पाहा. तिथे चॉकलेटी रंगाचा, आखूड शेपटीचा पक्षी गुडघ्यात वाकल्यासारखा खालीवर होताना दिसेल. तो डिपर. बघता बघता तो सरळ प्रवाहात शिरतो, तळाशी दगडांवरून चालतो आणि चोचीत काहीतरी धरून दुसरीकडे वर येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं पक्षी बुडाला. तो खालून वेचून आणतो ती मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस या माश्यांची पाण्यात वाढणारी पिल्लं. ट्राउटचंही मुख्य खाणं तेच. म्हणजे डिपर एकाच जागी पुन्हा पुन्हा बुड्या मारत असेल तर तळाशी जेवण वाढलेलं आहे, आणि ट्राउटही त्याच पंक्तीला असण्याची शक्यता मोठी.

दुसरा पक्षी रेडस्टार्ट. नर शिशाच्या रंगाचा, शेपूट विटकरी, आणि ती शेपूट तो सारखी उघडझाप करत असतो. तो दगडावर नुसता बसून असेल तर वरच्या हवेत काही नाही. पण दगडावरून उडी, हवेत गिरकी, परत दगड असं सुरू झालं की समजावं, पाण्यातल्या माश्यांना पंख फुटून त्या वर येऊ लागल्या आहेत. आमचा गाईड गळाला काय लावायचं ते यावरून ठरवतो. रेडस्टार्ट गप्प आणि डिपर कामात असेल तर तळाशी जाणारी निंफ, म्हणजे माशीच्या पाण्यातल्या पिल्लासारखं दिसणारं आमिष. रेडस्टार्ट उडू लागला तर पाण्यावर तरंगणारी फ्लाय, म्हणजे पंख फुटलेल्या माशीसारखं आमिष. तुम्ही 'नुसते बसलेले' असता तेव्हा तो हे वाचत असतो. हे शिकून गेलेले पाहुणे पुढच्या वर्षी गाईडशिवायही चांगला मासा लावतात. ते आमचं नुकसान नाही, कारण ते येतात.

याशिवाय काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा मोठा तुरेवाला खंड्या, लांब दुभंगलेल्या शेपटीचा फोर्कटेल, आणि पहाटे पहाटे माणसासारखी शीळ घालणारा निळा व्हिसलिंग थ्रश. सह्याद्रीतल्या शीळकरी कस्तुराचाच हा हिमालयातला भाऊबंद, त्यामुळे आवाज ओळखीचा वाटेल. समोरच्या गवताळ कड्यावर दुर्बीण लावलीत तर गोरल दिसण्याची शक्यता असते. शेळीएवढं, करड्या अंगाचं जनावर आहे, स्थिर उभं असेल तर दगडच वाटतं. उजाडताना आणि सांज होताना ते चरायला उघड्यावर येतं. दुर्बीण ८ बाय ४२ ची असावी, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची. त्याहून जास्त ताकदीची आणलीत तर हातातली थरथरही तितकीच मोठी दिसते. आमच्याकडे चार दुर्बिणी आहेत, मुक्कामी पाहुण्यांना त्यांचं वेगळं भाडं नाही.

जुजुराणा दिसेल का, हेही फार विचारलं जातं. जुजुराणा म्हणजे वेस्टर्न ट्रॅगोपॅन, हिमाचलचा राज्यपक्षी. तो नदीकाठी दिसत नाही. त्याचं रान खूप वर, दाट झाडीत आहे, आणि तिथेही तो सहजी दर्शन देत नाही. त्यासाठी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये जायला हवं. १९९९ साली अधिसूचित झालेलं आणि २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं हे उद्यान आमच्या दारापासून दूर नाही, पण आत गाडी जात नाही. गुशैणीकडून पायी चढावं लागतं, वनखात्याचा परवाना वेगळा लागतो, आणि एका दिवसात उरकण्याचं ते काम नाही. दोन रात्रींचं बुकिंग करून 'पार्क, ट्राउट आणि जालोरी खिंड सगळं बसवा' म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. चार रात्री हातात असतील तर आनंदाने सगळं जमवून देऊ.

आता माशाविषयी थोडं. इथला ब्राउन ट्राउट मूळचा इथला नव्हे. तो युरोपातला. कुल्लूच्या पाण्यात तो १९०९ साली जी. सी. एल. हॉवेल या इंग्रज अधिकाऱ्याने आणला आणि मग इथलाच झाला. रेनबो ट्राउट पॅसिफिकच्या पलीकडून, उत्तर अमेरिकेतून आलेला. गळाला कधी स्नो ट्राउट लागतो. नावात ट्राउट असलं तरी तो रोहू-कटल्याच्या कुळातला, आणि तो मात्र हिमालयाचा मूळ रहिवासी. तो लागला तर आम्ही लगेच सोडायला लावतो, यावर वाद घालू नये ही विनंती.

नदीतला ट्राउटही आम्ही सोडायला लावतो. रात्री ताटात येणारा मासा रेनबोच असतो, पण शेतीतला, वाहत्या पाण्याच्या सिमेंटच्या टाक्यांत वाढवलेला. 'आम्ही पकडलेलाच तळून द्या' असं मुलं म्हणतात तेव्हा नाही म्हणणं जड जातं. पण थंड पाण्यातला मासा हळू वाढतो, आणि आमच्यासमोरच्या डोहातले मोठे मासे आम्ही ओळखतो. एका ताटासाठी ते संपवले तर पुढच्या पाहुण्याला बसवून तरी काय दाखवणार?

सोडायचा तर नीट सोडा. गळाच्या टोकाचा उलटा काटा आम्ही पकडीने दाबून सपाट केलेला असतो, त्याने मासा निसटतो अशी तक्रार येते. दोर ताणलेला ठेवलात तर सहसा निसटत नाही. माशाला हात लावण्याआधी हात ओले करा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याचं रोगापासून रक्षण करतो, कोरड्या हाताने तो निघून येतो. फोटो मासा पाण्यालगत धरूनच काढा. कॅमेरा आधी तयार ठेवा, मग मासा उचला. तुम्ही श्वास रोखून धराल तेवढाच वेळ तो बाहेर राहू दे. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून हलकेच धरा, तो स्वतःहून निघून जाईल. पाण्यात फेकू नका.

हिमाचलच्या नद्यांत १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट धरायला बंदी असते. ब्राउन ट्राउट थंडीत तळाच्या वाळूखड्यांत खळगे करून अंडी घालतो, ती त्या गार पाण्यात फार सावकाश उबतात. म्हणून त्या महिन्यांत आम्ही पाण्यात पायही घालू देत नाही, बुटाखाली अख्खी पिढी चिरडते. डिसेंबरात या, बर्फ पाहा, पक्षी पाहा, त्या वेळी गर्दीही नसते. पण गळ घरीच ठेवा. हंगामात परवाना मत्स्य खात्याचा लागतो. तो आम्ही काढून देतो, फक्त ओळखपत्र आदल्या दिवशी हातात हवं. सकाळी सहाला दारात उभं राहून 'परवाना आत्ता काढा' म्हटलं तर आमचा इलाज चालत नाही.

हंगामातले चांगले महिने म्हणजे मार्चअखेर ते जूनची सुरुवात, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर. मे महिन्यात दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी चढतं आणि गढुळतं, म्हणून पहाटेची फेरीच घ्या. पावसाळ्यात आम्ही मासेमारीचं बुकिंग घेतच नाही. जुलै २०२३ च्या पुरात कुल्लू जिल्ह्यातल्या नद्यांनी काय केलं ते आम्ही काठावरून पाहिलं आहे. इतर महिन्यांतही गाईड 'बाहेर या' म्हणाला की गळाला मासा असला तरी बाहेर यायचं. वर कुठे ढग फुटला ते इथे बसून दिसत नाही. पाण्याचा रंग बदललेला तेवढा दिसतो, आणि तो त्याला तुमच्याआधी दिसतो.

येताना कपडे मातकट, खाकी किंवा गडद हिरवे आणा. पोलराइज्ड गॉगल असेल तर जरूर आणा, पाण्यावरची चकाकी कापली जाऊन तळाशी उभा मासा दिसतो, आणि हा फरक पाहून लहान मुलं अक्षरशः ओरडतात. ओरडणं तेवढं डोहापासून लांब असू द्या. मुलांसाठी खालच्या अंगाचं उथळ पाणी आम्ही वेगळं ठेवलं आहे. तिथे दगड उलटून कॅडिसची घरं पाहता येतात, वाळूचे कण एकमेकांना चिकटवून बनवलेल्या इवल्याशा नळ्या. पाहून झालं की दगड होता तसा ठेवायला सांगा. स्पीकर आणि पाळीव कुत्री काठावर नकोत.

दुसऱ्या नदीत वापरलेले बूट आणि जाळी आणणार असाल तर धुऊन, पूर्ण वाळवून आणा. ओल्या बुटांबरोबर एका नदीतलं शेवाळ आणि रोग दुसऱ्या नदीत जातात. डिडिमो नावाच्या शेवाळापायी न्यूझीलंडने २००८ साली नमद्याच्या तळाच्या बुटांवर बंदी घातली, कारण नमदा लवकर वाळत नाही. आम्हीही तसे बूट पाण्यात उतरू देत नाही. आमच्याकडचे रबरी तळाचे बूट ५ ते ११ नंबरपर्यंत आहेत. बुकिंग करताना प्रत्येकाच्या बुटाचा नंबर आणि पहाटेच्या फेरीला किती जण येणार ते कळवा. एका गाईडबरोबर दोघांपेक्षा जास्त पाठवत नाही, म्हणून हा आकडा आम्हाला आधी लागतो.