अमेरिकेतलं युद्धकैदी पदक: अर्ज कुठे अडतो

९ एप्रिल हा अमेरिकेत माजी युद्धकैद्यांचा सन्मानदिन. १९४२ साली याच तारखेला फिलिपाइन्समधलं बटान जपानी सैन्याच्या हाती पडलं आणि हजारो अमेरिकी सैनिक कैद झाले. दिवस जवळ आला की माळ्यावरच्या पेट्या उघडतात आणि पदकासाठी धावाधाव सुरू होते. आधी हेच सांगते: ती शेवटची तारीख नाही. या पदकाला मुदतच नाही. घाईत सही किंवा तारीख राहून जाते आणि अर्ज तिथेच थांबतो.

पदक सुरू झालं १९८५च्या कायद्याने, पण ५ एप्रिल १९१७ नंतर सैन्यदलांच्या सेवेत असताना पकडले गेलेले आणि कैदेत सन्मानाने वागलेले सगळे त्यात येतात, मरणोत्तरही. ‘आजोबा तर १९४५मध्येच परतले’ म्हणून कित्येक घरांनी अर्जच केलेला नाही. करा.

अर्ज एसएफ-१८० या फॉर्मवर (लष्करी नोंदी मागण्याचा सरकारी फॉर्म) करायचा, सेंट लुइसच्या राष्ट्रीय कर्मचारी नोंद केंद्राकडे, टपालाने किंवा ऑनलाइन. सैनिक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडा. छापून आलेली निधनवार्ताही चालते.

खरा घोळ वारसाचा आहे. अमेरिकी घरात लग्न होऊन आलेल्या मराठी मुली आजेसासऱ्यांचा अर्ज मोठ्या मायेने भरतात, पण सुनेची सही चालत नाही. नवऱ्याची? आजोबा पायदळात असतील तर सर्वांत मोठ्या नातवंडाला वारस मानतात. पण ते बॉम्बर विमानावर असतील तर हवाई दलाचा नियम लागतो आणि त्यात नातवंडं नाहीतच. त्या काळी हवाई दल लष्कराचाच भाग होतं, त्यामुळे घरच्यांना हा फरक कळतच नाही, आणि फॉर्मकडे पाहूनही कळणार नाही. अशा वेळी अर्ज सासऱ्यांच्या किंवा आतेसासूबाईंच्या नावाने करा.

दुसरी अडचण आगीची. १२ जुलै १९७३ला या केंद्राला आग लागली आणि १९१२ ते १९५९ दरम्यान लष्करातून सुटलेल्यांच्या सुमारे ८० टक्के फायली गेल्या. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. ‘नोंद सापडत नाही’ असं पत्र आलं की लोक खचतात. पण तो नकार नव्हे. एनए-१३०७५ ही प्रश्नावली भरायची असते, तुकडी आणि तारखा आठवतील तेवढ्या लिहून. कैदेचा पुरावा बहुतेकदा घरातच असतो: छावणीतून आलेलं पत्र, ‘बेपत्ता’ म्हणून आलेली तार, नंतरची सुटकेची तार. डीडी-२१४, म्हणजे लष्करी सेवा संपल्याचा दाखला, शोधत बसू नका. तो फॉर्म १९५०मध्ये आला, दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांचा सेवामुक्तीचा कागद वेगळा असे. मूळ कागद मात्र कुणालाही देऊ नका, झेरॉक्स पाठवा.

आजोबा हयात असतील तर सही त्यांचीच हवी. हात थरथरत असेल तर थांबा, दुसऱ्या दिवशी घ्या. त्यांच्या वतीने आपण गिरवायची नाही.